रातपाळीच्या आठवड्यातला फोन

आमच्या सातपूरच्या घरात दर तिसऱ्या आठवड्याला आवाज बंद व्हायचा. अप्पा एका कंपनीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर होते. रातपाळी लागली की सकाळी साडेसातला घरी येत, चहात दोन टोस्ट बुडवून खात आणि आतल्या खोलीत जाऊन झोपत, ते थेट दुपारी साडेतीनपर्यंत. तेवढ्या वेळात घरात चमचा पडायची सोय नव्हती. आई दारावरच्या बेलची वायर काढून ठेवी. गळक्या नळाला फडक्याची पट्टी बांधी, म्हणजे थेंब पट्टीवरून गुपचूप बादलीत उतरत. त्या आठवड्यात भाकरी नाही, कारण थापण्याचा आवाज होतो. पोळ्या, त्याही अप्पा यायच्या आत लाटून झालेल्या. ठेचा नाही, दाण्याचं कूट नाही, कुकरची शिट्टी नाही. मुगाची खिचडी, पिठलं, ताकातली कढी, असं सगळं मुकं जेवण. नवऱ्याची झोप मोडली तर भट्टीपुढे त्याचा डोळा लागेल, ही आईची भीती होती, आणि ती काही खोटी नव्हती. अप्पांच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. तो कसा झाला ते आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

त्या आठवड्यातलं माझं काम ठरलेलं होतं. फोनजवळ बसायचं आणि पहिली घंटी पुरती वाजायच्या आत रिसीव्हर उचलायचा. आमच्या ओळीत फोन फक्त आमच्याकडे. आजूबाजूच्या चार घरांतले लोक नोकरीच्या अर्जावर, लग्नाच्या पत्रिकेवर, सोयरिकीच्या चिठ्ठीवर आमचा नंबर लिहीत आणि त्यापुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरं. आता माझ्या वर्गातल्या मुलांना ही अक्षरं फोडून सांगावी लागतात. फोन शेजाऱ्यांचा आहे, ते हाक मारतील किंवा निरोप देतील, असा त्याचा अर्थ. त्या दोन अक्षरांत केवढा विश्वास होता, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही येत नसे. माझ्या तर मुळीच येत नसे.

मी तेव्हा घरीच होते. बारावीला मार्क कमी पडले म्हणून एक वर्ष थांबून परत परीक्षा द्यायची ठरलं होतं. मैत्रिणी कॉलेजला गेल्या, आई सकाळी अंबडला पॅकिंगच्या कामावर जायची ती सहाला यायची, दादा डिप्लोमा करून पुण्याला नोकरीला लागला होता. मागे राहिली ती मी, फिजिक्सचं पुस्तक आणि दादाचा असेंबल केलेला कॉम्प्युटर. मी लहानपणापासून भित्री भागूबाई. पालीला भ्यायची, सायकलला भ्यायची, पाहुण्यांना भ्यायची. पण त्या वर्षी एक नवीन भीती लागली. कोणीही भेटलं की 'मग आता काय करतेस?' असं विचारी, आणि माझ्याकडे उत्तर नसे. दुकानात मीठ आणायला जायचं तर आधी गल्लीत डोकावून बघायची, कोण उभं आहे ते. हळूहळू मी मीठ आणायलाही जाईनाशी झाले.

दादानं सुट्टीत आल्यावर इंटरनेटवरचा एक खेळ एकदा दाखवला आणि स्वतः विसरून गेला. चित्रं नव्हती त्यात. आजकालच्या खेळांत घोडा दिसतो, तलवार दिसते, रक्तसुद्धा दिसतं. आमच्या खेळात काळा पडदा आणि पांढरी इंग्रजी अक्षरं. तू गुहेत आहेस, उत्तरेला वाट आहे, पाणी ठिबकतंय, असं लिहून यायचं. मग आपण टाइप करायचं, उत्तरेला जा. मी शेजारी डिक्शनरी घेऊन बसायची. त्या जगात हजारभर माणसं देशोदेशींहून आलेली, प्रत्येकानं आपलं एक सोंग घेतलेलं. कोणी शिकारी, कोणी जादूगार. मी वैद्य झाले, कारण वैद्याला लढावं लागत नाही. सगळ्यांच्या मागे उभं राहायचं, पुढच्यांच्या जखमा भरायच्या. पंधरा दिवसांत मला दोन सोबती मिळाले. एक स्वतःला लोहार म्हणवायचा, दुसरी चिमणी. दोघं कुठल्याशा थंड देशातले. तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार. त्यांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत. चिमणी बाई होती की बुवा, हेसुद्धा मला आजतागायत माहीत नाही.

खेळाचा एक नियम होता. त्यात मेलं की मेलं. दोन-दोन वर्षं जमवलेलं नाव, हत्यारं, पदव्या, सगळं पुसून जायचं आणि परत शून्यापासून सुरुवात. चिमणीनं तिचं सोंग तीन वर्षं वाढवलं होतं, आणि ती पुढे लढायची ती माझ्या भरवशावर. मी क्षणभर हलले तर ती गेली. लोक मला विचारतात, कारण आता शाळेत पालक येऊन बसतात, मॅडम, पोराला नाद लागलाय, एवढी काय गोडी असते हो त्यात? मला हसू येतं आणि रडूही. गोडी पहिल्या आठवड्यापुरती असते. पुढे असते ती धास्ती. बाहेरच्या जगात माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं, आणि तिथं मी पाणी प्यायला उठले तर माणूस मरत होतं. मी बसून राहायची ती भीतीनं. आंघोळ करताना भीती, जेवताना भीती, आत्ता ते गुहेत शिरले असतील आणि मी इथे कढी-भात कालवतेय. पण ज्या भीतीत आपण कुणाला तरी हवे असतो ती सोडवत नाही. म्हणून मी पालकांना विचारते, तिथे त्याला कोण हाक मारतं? ते माझ्याकडे वेड्यासारखे बघतात.

इंटरनेट फोनच्याच तारेतून यायचं. ते जोडलं की मॉडेम किरकिरायचं, म्हणून मी त्याच्यावर गोधडी टाकायची. आणि जोडलेलं असेपर्यंत बाहेरून कुणाचाही फोन लागायचा नाही, फक्त एंगेज ऐकू यायचं. म्हणजे फोनची राखण करायला बसवलेली मुलगीच फोन अडवून बसलेली. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, ते हे. पुढच्या घरातले काका एकदा म्हणाले, तुमचा फोन सारखा एंगेज कसा गं? मी म्हटलं, रिसीव्हर नीट बसला नसेल. त्यांनी ते खरं मानलं.

चार घरांपैकी एक घर अहिरे मावशींचं. सटाण्याकडच्या. नवरा अंबडला हेल्पर, आणि मावशी स्वतः मंडईत कोथिंबीर-मेथीच्या जुड्या घेऊन बसत. सातपुरात वीस वर्षं काढली तरी त्यांच्या तोंडची अहिराणी गेली नव्हती. त्यांची मुलगी रंजना, आमची रंजी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, मालेगावच्या बाजूला दिलेली. तिला आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण रंजीच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, घरात करणारी रंजी एकटीच, म्हणून त्यांनी तिला पाठवलं नाही. मावशींचं त्यावरून रोजचं काळीज तुटे. त्यांचं स्वतःचं पहिलं मूल घरात कुणी नसताना झालं होतं आणि ते वाचलं नव्हतं. रंजीला त्यांनी बजावून सांगितलं होतं, जरा काही वाटलं तर फोन करायचा, मी उभ्या पावली निघते. आणि तिला नंबर दिला होता आमचा.

रोज संध्याकाळी मंडईतून येताना त्या दारात थांबत, अप्पा झोपलेले नसले तरी सवयीनं हळू आवाजात विचारत, "पोरी, रंजीना फोन उना का?"

"नाही मावशी."

"पहिलं बायतपन शे तिनं. पोर एकली शे तठे." मग माझ्या हातात उरलेली कोथिंबिरीची जुडी ठेवत. "तू घर शे ना, मंग माले काळजी नही."

मी नाही म्हणायची ते खोटं नव्हतं. फोन आला नव्हताच. येणार कुठून? खोटं बोलत असते तर निदान जीभ अडखळली असती. रात्री अंथरुणावर पडलं की मला त्यांचं ते 'काळजी नही' आठवे. मी ठरवायची, उद्यापासून फक्त एक तास. दुसऱ्या दिवशी दुपारी लोहार लिहायचा, आलीस? बरं झालं, तुझ्याशिवाय निघता येत नव्हतं. की माझा एक तास संपला.

तो दिवस रातपाळीच्या आठवड्यातला बुधवार होता, एवढं नक्की. लोहारनं त्या दिवशी मोठी मोहीम ठरवली होती. तिकडे कसलीशी सुट्टी होती. खालच्या गुहेत उतरायचं, चार-पाच तास बाहेर निघता येणार नाही, वैद्यानं हलायचं नाही. मी सकाळी साडेदहाला जोडलं. शेजारी पाण्याचा तांब्या आणि पोळीची गुंडाळी. फोनची लाइन अधूनमधून आपोआप तुटायची. त्या दिवशी ती दोनदा तुटली. दोन्ही वेळा मी अर्ध्या मिनिटात परत जोडली. तुटलेली अर्धी-अर्धी मिनिटं सोडली तर साडेदहापासून आमचा फोन कुणालाही लागला नाही.

तीनच्या सुमाराला दारावर थाप पडली. मी पहिली ऐकून न ऐकल्यासारखी केली. दुसरीला अप्पा जागे होतील म्हणून धावत जाऊन दार किलकिलं केलं. बाहेर धुळीनं भरलेला एक तरुण. गळ्याला गमछा, मागे मोटारसायकल.

"अहिरेंचं घर बंद हाय. त्यांचा पी.पी. नंबर तुमचाच ना? मी रंजनावहिनींचा दीर."

मी तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला, वडील झोपलेत."

तो बिचारा लगेच कुजबुजू लागला. "वहिनींना मालेगावला दवाखान्यात टाकलंय. लय रक्त गेलं. आईला बोलवा, आईला बोलवा, एवढंच चाललंय सकाळपासून. साडेदहापासून फोन लावतोय, एंगेज येतोय. शेवटी गाडीला किक मारून निघालो. कुठं हायेत त्या?"

"मंडईत."

"मला दाखवता का? मला सातपूर माहीत नाय."

मंडई पाच मिनिटांवर होती. मला फक्त चपला घालायच्या होत्या. मला सगळं समजलं होतं, हे मी मुद्दाम लिहिते आहे. रक्त म्हणजे काय, साडेदहापासून म्हणजे काय, एंगेज कुणामुळे. आणि तरी मी म्हटलं, "दोन मिनिटं थांबा, येतेच." आणि दार लोटून आत कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले.

पडद्यावर लोहारची तीन वाक्यं आली होती. कुठे आहेस. कुठे आहेस. चिमणी जातेय. मी टाइप करायला लागले. चिमणीची जखम भरली की लोहारची, ती भरली की परत चिमणीची. मनात एकच चाललं होतं, एवढं झालं की उठते, एवढं झालं की उठते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मागून अप्पांचा आवाज आला. झोपेनं जड झालेला.

"कोण आलंय?"

मी वळलेसुद्धा नाही. म्हणाले, "कोणी नाही."

त्याच क्षणी दाराच्या फटीतून तो कुजबुजला, "ताई, चला ना." अजून तो कुजबुजतच होता. अप्पांनी दार उघडलं. दोघांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. अप्पांनी बनियनवरच शर्ट चढवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्याच्या मागे बसून गेले. त्या बघण्यात राग नव्हता. ते घाबरले होते. आपल्या घरात कोण बसलंय, असं काहीतरी त्या नजरेत होतं, आणि मीही त्याच गोष्टीला घाबरले होते. तरी मी उठले नाही. आणखी पंधरा-वीस मिनिटांनी आम्ही गुहेतून वर आलो. तिघंही जिवंत. त्या दोघांनी मला धन्यवाद लिहिले, चिमणीनं दोनदा.

मी तार सोडवली आणि फोन वाजला. मी पहिल्या घंटीला उचलला. मालेगावहून रंजीचा नवरा बोलत होता. मावशींना सांगा, म्हणाला, रंजना आहे, बाळ गेलं. मुलगी होती. मी "हो, सांगते" म्हटलं आणि रिसीव्हर ठेवला. पण सांगणार कुणाला? मावशी एव्हाना त्या मोटारसायकलवर मागे बसून चांदवडच्या रस्त्याला लागल्या असतील. पुढचे दोन-अडीच तास मावशींना ठाऊक नसलेली ती गोष्ट इकडे मला माहीत होती, आणि त्या तिकडे वाटेत देवाला काय काय बोलत असतील. अप्पा मंडईतून अजून परतले नव्हते, आतल्या खोलीत त्यांचं अंथरूण तसंच पडलं होतं. मी त्या खोलीच्या उंबऱ्यात बसून राहिले. इतकी भीती मला त्याआधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही नाही, आणि ती दुसऱ्या कुणाची नव्हती, माझी मलाच होती.

अप्पा ओरडतील असं वाटलं होतं. ते त्या रात्री तसेच न झोपता कामावर गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी उठून माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. "दाखव मला, काय हाय ते." मी अक्षरं दाखवली, लोहार, चिमणी, वैद्य, सगळं सांगितलं. ते पुढे वाकून पडद्याकडे बघू लागले.

"म्हणजे तू जागा सोडली की ती मरणार."

"हो."

"भट्टी सोडून मलापण उठता येत नाय. रिलिव्हर, बदलीचा माणूस, आल्याशिवाय हलायचं नाय, तसाच नियम हाय. लघवीला जायचं तरी माणूस उभा करून जावं लागतं." मग म्हणाले, "तुझा रिलिव्हर कोण?"

"कोणी नाही."

"मग हे काम घेतलं कसं तू?" ते खरोखरच विचारत होते. त्यांनी ना कॉम्प्युटर काढला ना तार तोडली. पण जाता जाता म्हणाले, "मला वाटलं तू झोपेत हायेस. पोरीला हलवून उठवावं का, असं वाटलं मला."

आणि तरीही मी चौथ्या दिवशी परत जोडलं. हेही लिहिलं पाहिजे. मनाशी म्हटलं, फक्त सांगायला, की मी आता येणार नाही, त्यांचा जीव टांगणीला लागला असेल. लोहार आणि चिमणी गुहेत होते. सोबत नवा वैद्य होता. तिसऱ्याच दिवशी मिळाला होता त्यांना. लोहारनं मला हात केला, म्हणजे 'हात करतो' असं अक्षरांत लिहून आलं, आणि ते उत्तरेला निघून गेले. मी पुन्हा गेले नाही असं म्हणवत नाही. महिनाभर अधूनमधून जात राहिले. पण ते जाणं निव्वळ सवयीचं होतं, आणि एक दिवस तेही थांबलं.

मावशी मला काही बोलल्या नाहीत. मालेगावच्या एसटीडी बूथचं मशीनच खराब असणार, असं त्या सगळ्यांना सांगत. डॉक्टर म्हणाले म्हणे, आई आधी पोचली असती तरी बाळाचं काही करता आलं नसतं. मी त्या वाक्यावर कधी पुरता विश्वास ठेवला नाही, आणि ते सोडूनही दिलं नाही. बाळाचं राहू द्या. रंजी सकाळपासून आईला हाका मारत होती, त्या हाकांना कुठल्या डॉक्टरचा दाखला चालणार?

पंधरा दिवसांनी रंजीला माहेरी आणलं. ती दुपारी दाराच्या पायरीवर उन्हात बसे, कान बांधलेली, पिवळी पडलेली. मी आठ दिवस मागच्या बाजूनं ये-जा केली. नवव्या दिवशी पाय ओढत तिच्यापाशी गेले आणि उभ्यानंच म्हटलं, "रंजी, त्या दिवशी फोन मी अडवला होता."

"माहितीय," ती म्हणाली. "भावजी बोलले. पोरगी कॉम्प्युटरवर बसली होती, मला दारात उभं केलं म्हणाले."

"मावशींना?"

"तिला नाय सांगितलं. सांगून काय करू? तुमच्याकडं यायची बंद होईल. तिला इथं दुसरं कोण हाय?"

मी पायरीवर बसले. ती म्हणाली, काय होतं गं एवढं त्यात? मी तिला सगळं सांगितलं. गुहा, लोहार, चिमणीची तीन वर्षं, मी हलले असते तर ती मेली असती ते. रंजी हनुवटी गुडघ्यावर ठेवून लक्ष देऊन ऐकत होती. मध्ये एकदा तिनं विचारलं, रात्री गुहेत दिसतं कसं? मी म्हटलं, मशाल असते. शेवटी ती म्हणाली,

"मग वाचली का ती? चिमणी?"

"वाचली."

"बरं झालं," रंजी म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा असता तर मी सुटले असते. पण तो टोमणा नव्हता. कुणीतरी वाचलं हे ऐकून तिला खरंच बरं वाटलं होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. ती भिंतीला हात टेकत सावकाश उठली, आत गेली आणि झाकणाचा डबा घेऊन आली.

"आईनं डिंकाचे लाडू केलेत बाळंतिणीचे," ती म्हणाली. "मला एकटीला जात नाय. खा ना एक."

मी तिच्याशेजारी बसून तो लाडू खाल्ला.